गळ्यातील कॅरोटिड धमनी जन्मतःच नसेल तर: अहवाल हाती आल्यापासून पुढे काय करावे

डोकेदुखी, चक्कर किंवा एखाद्या किरकोळ अपघाताच्या निमित्ताने डोक्याची आणि मानेची तपासणी होते, मूळ तक्रारीचे कारण सापडते किंवा सापडत नाही, पण अहवालात मध्येच एक ओळ येते की डाव्या बाजूची अंतर्गत कॅरोटिड धमनी दिसत नाही. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या चार मुख्य वाहिन्यांपैकी एक दिसत नाही म्हटल्यावर घरच्यांचे धाबे दणाणणे स्वाभाविक आहे. त्यातून कोणी लगेच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू करण्याचा आग्रह धरतो, तर कोणी स्टेंट घालण्याची चौकशी करू लागतो. या दोन्ही गोष्टींच्या आधी एका प्रश्नाचे पक्के उत्तर मिळवावे लागते: ही धमनी पूर्वी होती आणि आता बंद झाली आहे, की ती कधी तयारच झाली नव्हती? बंद झालेल्या धमनीमागे चालू आजार असतो आणि त्यावर तातडीने उपचार करावे लागतात. जन्मतः नसलेल्या धमनीवर उपचार करण्यासारखे काही नसते; तेथे तपासायचे असते ते उरलेल्या धमन्यांचे आरोग्य. हा लेख अशा अहवालापासून पुढच्या पायऱ्या क्रमाने सांगतो. तो रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी आहे, आणि अशी ओळ क्वचितच वाचनात येत असल्यामुळे कुटुंबवैद्यांनाही उपयोगी पडावा.

आधी रचना

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असले तरी विश्रांतीच्या अवस्थेत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा साधारण १५ टक्के वाटा त्याला लागतो. हे रक्त मानेतून चार वाटांनी वर जाते. पुढच्या बाजूला उजवी आणि डावी अंतर्गत कॅरोटिड धमनी असते, आणि मागे मणक्यांच्या छिद्रांतून जाणाऱ्या दोन व्हर्टेब्रल धमन्या असतात, ज्या कवटीत शिरल्यावर एकत्र येऊन बॅसिलर धमनी बनते. गळ्याला बोट लावल्यावर जी नाडी जाणवते ती सामाईक कॅरोटिड धमनीची. स्वरयंत्राच्या कूर्चेच्या वरच्या कडेच्या आसपास तिला दोन फाटे फुटतात: बाह्य शाखा चेहऱ्याकडे आणि टाळूच्या त्वचेकडे जाते, तर अंतर्गत शाखा वाटेत एकही फांदी न देता थेट कवटीच्या तळाकडे जाते आणि तेथे हाडातील एका नलिकेतून आत शिरते. कवटीच्या आत या पुढच्या आणि मागच्या वाटा छोट्या जोडधमन्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. थॉमस विलिस यांनी १६६४ साली वर्णिलेल्या या कड्याला विलिसचे वर्तुळ म्हणतात. पुस्तकातल्या आकृतीइतके पूर्ण वर्तुळ निम्म्याहून कमी माणसांत आढळते, हे पुढील सगळ्या चर्चेत लक्षात ठेवावे, कारण अंतर्गत कॅरोटिड नसलेल्या माणसाचा सगळा भार याच जोडधमन्यांवर असतो.

गर्भावस्थेच्या चौथ्या आठवड्यात अंतर्गत कॅरोटिड धमनी आकार घेऊ लागते आणि सहाव्या आठवड्यापर्यंत तिची मुख्य जडणघडण पूर्ण होते. ती तिसऱ्या महाधमनी-कमानीपासून आणि पृष्ठीय महाधमनीपासून बनते. या काळात काही कारणाने तिची वाढ थांबली तर तीन प्रकार संभवतात. धमनीचा पूर्वांकुरच तयार झाला नाही तर तिला अनुत्पत्ती म्हणतात. पूर्वांकुर आला पण पुढे वाढला नाही तर ती अविकसित राहते आणि तिचा क्षीण अवशेष तेवढा सापडतो. तिसऱ्या प्रकारात ती पूर्ण लांबीची पण दोऱ्यासारखी बारीक असते. बाह्य शाखेचा उगम गर्भात वेगळा असल्यामुळे ती बहुधा शाबूत राहते. सामाईक कॅरोटिड धमनीच नसणे याहूनही दुर्मीळ आहे. तेव्हा दोन्ही शाखा स्वतंत्रपणे निघालेल्या असतात.

अंतर्गत कॅरोटिडची अनुपस्थिती दहा हजारांत एकाहूनही कमी व्यक्तींत असते असे वैद्यकीय वाङ्मय मानते. बहुतेकांना तिचा आयुष्यभर पत्ता लागत नाही, त्यामुळे या आकड्याला फार नेमकेपणा चिकटवू नये. नोंदवलेल्या रुग्णांत डावी बाजू अधिक वेळा आढळते. दोन्ही बाजूंच्या धमन्या नसलेली माणसेही नोंदवली गेली आहेत आणि त्यांतील काही केवळ व्हर्टेब्रल धमन्यांच्या बळावर मोठी झाली आहेत.

पहिली पायरी: कागद नको, मूळ चित्रे मिळवा

तपासणी केंद्रातून सहसा छापील अहवाल आणि दोन-चार फिल्म दिल्या जातात. पुढच्या निदानासाठी त्या पुरत नाहीत. केंद्राकडून सर्व चित्रमालिका असलेली सीडी, पेन ड्राइव्ह किंवा ऑनलाइन दुवा डायकॉम, म्हणजे संगणकावर पूर्ण तपशिलासह उघडणाऱ्या मूळ वैद्यकीय चित्रांच्या, स्वरूपात मागून घ्यावा आणि त्याची एक प्रत घरी जपून ठेवावी. काही केंद्रे ठरावीक काळानंतर जुनी चित्रे काढून टाकतात, म्हणून ही मागणी त्याच आठवड्यात करावी. पूर्वी कधी सायनससाठी, कानासाठी किंवा डोक्याला मार लागल्यामुळे सीटी झाली असेल तर ती चित्रेही शोधून काढावीत. दहा वर्षांपूर्वीच्या सीटीत धमनी आणि तिची हाडातील वाट धडधाकट दिसत असेल, तर जन्मजात दोषाचा मुद्दा तेथेच निकाली निघतो आणि शोध दुसऱ्या दिशेने सुरू होतो.

दुसरी पायरी: हाडाची साक्ष काढा

संपूर्ण निदानाचा कणा ही पायरी आहे, आणि अनेकदा तीच वगळली जाते. कानामागच्या शंखास्थीच्या कठीण भागात अंतर्गत कॅरोटिडसाठी एक वळणदार नलिका असते. कवटीचा तळ घडत असताना धमनी तेथे आधीच हजर असते आणि हाड तिच्याभोवती तयार होते. धमनी आलीच नाही तर नलिकाही होत नाही. डोंगरातील रेल्वेमार्ग बंद पडला तरी बोगदा तसाच राहतो. बोगदाच नसेल तर तेथून रूळ कधी गेलेच नव्हते, असा हा हिशेब आहे. मोठेपणी रक्ताची गुठळी, चरबीचा थर किंवा भिंतीची चीर यांमुळे बंद पडलेल्या धमनीची नलिका नेहमीच्या आकाराची असते. नलिका मुळीच नसणे अनुत्पत्तीकडे बोट दाखवते, तिचा अवशेष अविकसित धमनीकडे, आणि दुसऱ्या बाजूच्या तुलनेत स्पष्टपणे अरुंद नलिका बारीक राहिलेल्या धमनीकडे.

हे पाहण्यासाठी कवटीच्या तळाची पातळ छेदांची सीटी लागते. छेद एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असावेत आणि चित्रे हाडांच्या विंडोमध्ये, म्हणजे हाडांचे तपशील उठून दिसतील अशा मांडणीत, वाचली जावीत. नलिका पाहण्यासाठी शिरेतून रंगद्रव्य देण्याची गरज नसते. सीटी आधीच झालेली असेल तर ती पुन्हा करण्याऐवजी रेडिओलॉजिस्टना त्याच चित्रांवरून दोन्ही नलिकांची तुलना करून अहवालात पुरवणी जोडण्याची विनंती करावी. विनंती मोघम नसावी. "दोन्ही बाजूंची कॅरोटिड नलिका आहे की नाही, असल्यास तिची रुंदी किती" एवढे एक वाक्य चिठ्ठीवर असले की काम होते. एमआरआयमध्ये हाडाचे तपशील नीट येत नाहीत, आणि रंगद्रव्याविना केलेल्या एमआर अँजिओत, म्हणजे एमआरआयने घेतलेल्या रक्तवाहिन्यांच्या चित्रणात, फार मंद वाहणारे रक्त अजिबात दिसत नाही, त्यामुळे केवळ त्या चित्रांवरून धमनी नसल्याचा निर्वाळा देणे योग्य ठरत नाही.

मानेच्या डॉपलर सोनोग्राफीतही काही खुणा मिळतात. जन्मजात अनुपस्थितीत त्या बाजूची सामाईक कॅरोटिड सुरुवातीपासूनच बारीक असते, तिला फाटा फुटलेला दिसत नाही, फाट्यापाशी असणारा नेहमीचा फुगीर भाग नसतो आणि ती सरळ बाह्य शाखेत जाते. नंतर बंद पडलेल्या धमनीत मात्र फाटा आणि धमनीचा आंधळा बुंधा दिसतो, आणि त्यात बहुधा गुठळी किंवा चरबीचा थर असतो. डॉपलर स्वस्त आहे आणि तिच्यात किरणोत्सर्ग नाही, पण ती करणाऱ्याच्या कौशल्यावर फार अवलंबून असते. म्हणून तिच्याकडे शेवटचा शब्द म्हणून पाहू नये.

तिसरी पायरी: सारख्या दिसणाऱ्या आजारांना बाजूला काढा

नलिका पूर्णपणे नसेल तर ही पायरी लवकर संपते. नलिका अरुंद असेल किंवा धमनी दोऱ्यासारखी दिसत असेल तर मात्र येथे वेळ द्यावा लागतो. धमनीच्या भिंतीला चीर पडली तरी धमनी अशीच दोऱ्यासारखी दिसते. पण त्यात बहुधा अलीकडची मानदुखी किंवा एका बाजूची डोकेदुखी असते, आणि चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या एमआरआयमध्ये भिंतीत साचलेले रक्त चंद्रकोरीसारखे उजळ दिसते. टाकायासू हा महाधमनी आणि तिच्या शाखांचा दाह भारतासह आशियात तुलनेने अधिक आढळतो. तरुण स्त्रियांत हातातील नाडी क्षीण असणे, दोन्ही हातांच्या रक्तदाबात मोठा फरक असणे, दीर्घकाळ बारीक ताप आणि वाढलेला ईएसआर (दाहाचा अंदाज देणारी रक्तचाचणी) या खुणा त्याचा संशय देतात. त्यात धमनीची भिंत सर्व बाजूंनी जाड झालेली दिसते. मोयामोया आजारात कवटीच्या आत धमनीचे टोक हळूहळू अरुंद होत जाते आणि तिच्या बुडाशी बारीक वाहिन्यांचे जाळे तयार होते. तो बालपणीच सुरू झाला असेल तर नलिकाही काहीशी लहान राहू शकते, म्हणून अशा वेळी केवळ नलिकेच्या रुंदीवर भिस्त ठेवू नये. वयस्कर आणि तंबाखूचे व्यसन असलेल्या माणसात चरबीच्या थराने बंद झालेली धमनी हीच सर्वांत संभवनीय गोष्ट आहे, आणि दुर्मीळ निदानाच्या आकर्षणापोटी ती नजरेआड होता कामा नये.

हा भेद करणे केवळ नावापुरते महत्त्वाचे नाही. चीर पडलेल्या धमनीला काही महिने गुठळीविरोधी औषधे लागतात, टाकायासूला दाह दाबणारी औषधे लागतात, मोयामोयात बायपासचा विचार होतो. जन्मतः बारीक असलेल्या धमनीला यांतले काहीच लागत नाही.

चौथी पायरी: रक्त कोणत्या वाटेने येते ते लिहून घ्या

धमनी नाही हे ठरल्यावर त्या बाजूच्या मेंदूला रक्त कोठून मिळते, हा पुढचा प्रश्न येतो. त्यासाठी महाधमनीच्या कमानीपासून मेंदूच्या माथ्यापर्यंत सीटी अँजिओ किंवा एमआर अँजिओ करतात. सीटी अँजिओत आयोडीनयुक्त रंगद्रव्य देतात, म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासावे, मूत्रपिंडाचा आजार, पूर्वीची ॲलर्जी आणि मधुमेहासाठी चालू असलेले मेटफॉर्मिन यांची माहिती केंद्राला द्यावी. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून करायची डीएसए ही सर्वांत बारकाईची तपासणी आहे. तिच्यात पक्षाघातासारख्या गुंतागुंतीचा धोका एक टक्क्याहून कमी असला तरी शून्य नसतो. धमनीच्या भिंतीवर फुगा सापडला असेल (त्याबद्दल पुढच्या पायरीत) किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हाच ती करणे मला रास्त वाटते. निव्वळ कुतूहलासाठी नाही.

ली या संशोधकांनी १९६८ साली या वाटांची सहा प्रकारांत वर्गवारी केली आणि ती आजही वापरली जाते. ए प्रकारात एका बाजूची धमनी नसते; मेंदूच्या पुढच्या धमनीला दुसऱ्या बाजूने पुढच्या जोडधमनीतून रक्त मिळते आणि मधल्या धमनीला बॅसिलरकडून मागच्या जोडधमनीतून. बी प्रकारात पुढची आणि मधली अशा दोन्ही धमन्या पुढच्या जोडधमनीवर, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या एकाच कॅरोटिडवर जगतात. सी म्हणजे दोन्ही कॅरोटिड नसणे आणि सगळा पुरवठा मागून होणे. डी प्रकारात दुसऱ्या बाजूच्या कॅरोटिडपासून निघालेली एक आडवी वाहिनी कवटीच्या तळाशी पियुषिका (पिट्यूटरी) ग्रंथीच्या खोबणीतून जाऊन या बाजूला पोहोचते. ई प्रकारात दोन्ही कॅरोटिड बारीक असतात, आणि एफ प्रकारात बाह्य कॅरोटिडच्या शाखा कवटीच्या तळातून जाळ्याच्या रूपाने आत शिरतात.

रुग्णाने हे सगळे पाठ करण्याची गरज नाही. आपला प्रकार कोणता आणि त्यामुळे कोणत्या एका वाहिनीवर किती अवलंबून आहोत, एवढे अहवालात स्पष्ट लिहून घ्यावे. बी प्रकाराच्या माणसात दुसऱ्या बाजूच्या कॅरोटिडमध्ये चरबीचा थर बसला तर दोन्ही मेंदूगोलार्ध धोक्यात येतात, आणि तेथून सुटलेली गुठळी विरुद्ध बाजूलाही जाऊ शकते. डी प्रकाराचे महत्त्व शस्त्रक्रियेच्या पायरीत येईल.

पाचवी पायरी: फुगा आहे का ते शोधा

या अवस्थेत प्रत्यक्ष धोका कोठे असेल तर तो येथे आहे. धमनीच्या भिंतीवरचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, सर्वसाधारण प्रौढ लोकांत दोन ते चार टक्क्यांना असतो; अंतर्गत कॅरोटिड नसलेल्या नोंदवलेल्या रुग्णांत हे प्रमाण २४ ते ३४ टक्के सांगितले जाते. हा आकडा ऐकून घाबरण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी की ज्यांना काही त्रास झाला तेच बहुतांशी तपासले गेले, त्यामुळे खरे प्रमाण याहून कमी असण्याची शक्यता आहे. तरीही धोका वाढलेला आहे यात शंका नाही, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. मुळात लहान प्रवाहासाठी असलेल्या जोडधमनीतून जन्मभर जास्त रक्त वेगाने वाहते आणि तिच्या फाट्यावरच्या भिंतीवर ताण पडत राहतो. म्हणून पुढची जोडधमनी आणि बॅसिलरचे टोक या जागा अहवालात नाव घेऊन तपासलेल्या असाव्यात. "बाकी धमन्या ठीक" एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नये.

फुगा सापडला म्हणजे तो लगेच बंद केलाच पाहिजे असे नाही. त्याचा आकार, जागा, ठेवण, रुग्णाचे वय, रक्तदाब, धूम्रपान आणि कुटुंबात कोणाला मेंदूत रक्तस्राव झाला होता का, यांवर निर्णय होतो. मात्र एक फरक येथे आहे. इतर माणसात फुग्यावर क्लिप (बाहेरून लावायचा चिमटा) किंवा कॉइल (आत भरायचे तारेचे वेटोळे) बसवताना शेजारची जोडधमनी अडली तरी निभावून जाऊ शकते. या माणसात तीच मुख्य वाट असल्यामुळे ती अडून चालत नाही. म्हणून अशी प्रक्रिया मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे काम नियमित होणाऱ्या आणि न्यूरोसर्जन व इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिओलॉजिस्ट (रक्तवाहिनीतून नळी घालून मेंदूचे उपचार करणारे तज्ज्ञ) दोघे असलेल्या केंद्रातच करावी.

फुगा नसेल तर पुन्हा कधी पाहायचे, याचा सर्वमान्य नियम नाही. काही वर्षांच्या अंतराने रंगद्रव्याविना एमआर अँजिओ करणे हा वाजवी मार्ग आहे. अंतर किती ठेवावे हे न्यूरोलॉजिस्टबरोबर ठरवावे आणि ठरलेली तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहावी. दर वेळी सीटी करून किरणोत्सर्ग घेण्याचे कारण नसते.

सहावी पायरी: औषधांचा हिशेब

कोणतेही लक्षण नाही, फुगा नाही आणि चरबीच्या थराचे अन्य कारण नाही, अशा व्यक्तीला केवळ धमनी नाही म्हणून आयुष्यभर ॲस्पिरिन देण्याला ठोस आधार नाही. गोळी आधीच सुरू झाली असेल तर ती स्वतःहून बंदही करू नये. ती हृदयासाठी किंवा अन्य कारणासाठी दिली असण्याची शक्यता असते. जी धमनी अस्तित्वातच नाही तिच्यात स्टेंट घालता येत नाही, हे उघड असले तरी "ब्लॉक आहे" असे ऐकून आलेल्या कुटुंबाला ते स्पष्ट सांगावे लागते. लक्षणे असतील, म्हणजे एका बाजूला तात्पुरती कमजोरी, बोलताना अडखळणे किंवा उभे राहताच दृष्टी अंधारणे असे काही वारंवार होत असेल, तर परफ्यूजन तपासणी करून रक्तपुरवठ्याची शिल्लक क्षमता पाहतात आणि मग उपचार ठरतात.

रक्तदाबाच्या बाबतीत दोन्ही टोके टाळायची आहेत. जास्त रक्तदाब फुग्याला आणि धमन्यांना घातक ठरतो, म्हणून तो आटोक्यात हवाच. पण गोळ्यांचा डोस एकदम वाढवून तो झपाट्याने खाली आणल्यास जोडधमन्यांवर चालणाऱ्या भागाला रक्त कमी पडू शकते. घरी रक्तदाब मोजून वही ठेवावी, बसून आणि उभे राहून अशा दोन्ही नोंदी कराव्यात, आणि औषध बदलल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात उठताना चक्कर येते का याकडे लक्ष द्यावे.

सातवी पायरी: प्रत्येक शस्त्रक्रियेआधी सांगा

शस्त्रक्रिया गुडघ्याची असली तरी भूलतज्ज्ञांना ही माहिती हवी, कारण भुलेत रक्तदाब किती खाली जाऊ द्यायचा हे त्यांच्या हाती असते. खांद्याची दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया अनेकदा रुग्णाला अर्धवट बसवून करतात. तेव्हा दंडावर मोजलेल्या रक्तदाबापेक्षा मेंदूच्या पातळीवरचा रक्तदाब बराच कमी असतो, आणि या रुग्णात हा फरक हिशेबात धरलाच पाहिजे.

दोन शस्त्रक्रियांच्या वेळी तर ही माहिती जिवाइतकी मोलाची ठरते. पहिली म्हणजे नाकावाटे होणारी पियुषिका ग्रंथीची शस्त्रक्रिया. डी प्रकारात ती आडवी वाहिनी नेमकी याच वाटेत असते आणि तिला इजा झाल्यास भयंकर रक्तस्राव होऊन मेंदूच्या एका बाजूचा पुरवठाही तुटतो. दुसरी म्हणजे दुसऱ्या बाजूच्या कॅरोटिडमधला चरबीचा थर काढण्याची शस्त्रक्रिया. तीत धमनी काही काळ चिमट्याने बंद करतात; बी प्रकाराच्या माणसात तेवढा वेळ दोन्ही बाजूंचे रक्त कमी होते, म्हणून बंद भागाला वळसा घालून रक्त नेणारी तात्पुरती बगलनळी आणि मेंदूच्या कार्यावर सतत देखरेख यांची तयारी आधीच ठेवावी लागते.

कान-नाक-घसा तज्ज्ञांसाठीही एक इशारा आहे. मानेतील धमनी नसताना कधी कधी रक्त मधल्या कानातून जाणाऱ्या एका वाढलेल्या वाहिनीने कवटीत शिरते. रुग्णाला नाडीच्या ठोक्याबरोबर कानात धडधड ऐकू येते आणि कानाच्या पडद्यामागे लालसर उंचवटा दिसतो. त्याला गाठ समजून तुकडा काढणे किंवा पडद्याला छेद देणे अत्यंत धोक्याचे आहे. ठोक्याच्या तालावर कानात आवाज येणाऱ्या कोणत्याही रुग्णात पातळ छेदांची सीटी आधी आणि सुई नंतर, हा क्रम पाळला पाहिजे.

लहान मुलांत आढळले तर

मुलांमध्ये ही बाब अनेकदा दुसऱ्या एखाद्या लक्षणामागून सापडते. मेंदूकडून डोळ्याकडे जाणारे सिम्पथेटिक (आपोआप काम करणाऱ्या मज्जासंस्थेचे) तंतू अंतर्गत कॅरोटिडच्या अंगाने वर चढतात; धमनी नसेल तर तेही नीट वाढत नाहीत. मग त्या बाजूची पापणी किंचित झुकलेली, बाहुली लहान, बुबुळाचा रंग फिका आणि चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर घाम न येणे असा जन्मजात हॉर्नर सिंड्रोम दिसतो. चेहऱ्यावर मोठा, पसरलेला लाल रक्तवाहिनी-डाग असलेल्या बाळात फेस (PHACE) नावाचा लक्षणसमूह असू शकतो, ज्यात मेंदूच्या मागच्या भागातील दोष, मानेच्या आणि मेंदूच्या धमन्यांतील विकृती, महाधमनीचे आकुंचन आणि डोळ्यांतील दोष एकत्र येतात. या डागावर प्रोप्रॅनोलॉल हे औषध चांगले काम करते, पण ते रक्तदाब उतरवते. म्हणून फेसचा संशय असलेल्या बाळाची एमआर अँजिओ आणि हृदयाची सोनोग्राफी औषधाआधी झालेली असावी. उंची खुंटलेल्या काही मुलांत पियुषिका ग्रंथीची कमतरता आणि कॅरोटिडची अनुपस्थिती एकत्र आढळल्याचीही नोंद आहे, तेव्हा वाढीचा आलेख ठेवावा.

असा लक्षणसमूह नसेल तर ही रचना बहुधा एकट्या व्यक्तीपुरती असते. भावंडांची किंवा पुढच्या अपत्यांची सरसकट तपासणी करण्याची गरज पडत नाही, आणि आईने गरोदरपणात काय खाल्ले किंवा ग्रहणात काय केले याच्याशी तिचा संबंध जोडणे निराधार आहे.

रोजचे जगणे

नोकरी, लग्न, चालणे, पोहणे, सायकल यांना सामान्यतः हरकत नसते. गरोदरपणही निभावते, पण आधी फुग्याची तपासणी झालेली असावी आणि प्रसूतितज्ज्ञांना अहवाल दाखवावा. तंबाखू कोणत्याही रूपात बंद करावी. गुटखा आणि मशेरी यांतही निकोटिन असते, आणि मशेरीला व्यसन न मानण्याची आपल्याकडची सवय येथे महाग पडते. सलूनमध्ये मसाजनंतर मान झटक्याने मोडून घेण्याची पद्धत कायमची सोडावी. अशा झटक्याने व्हर्टेब्रल धमनीच्या भिंतीला चीर पडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदवलेली आहेत, आणि ज्याचा मेंदू व्हर्टेब्रल धमन्यांवर चालतो त्याने हा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही. शीर्षासनाबाबत न्यूरोलॉजिस्टना विचारावे. फुगा असेल तर ते टाळणेच बरे. उन्हाळ्यातील निर्जळी उपवास, जुलाब-उलट्या आणि लांबचा पायी प्रवास यांत शरीरातील पाणी कमी होऊन रक्तदाब घसरतो, म्हणून अशा वेळी पाणी आणि मीठ वेळेवर पोटात जाईल हे पाहावे.

आयुष्यात कधी झाली नाही अशी प्रखर डोकेदुखी क्षणार्धात सुरू झाली, चेहरा वाकडा झाला, हात गळाला किंवा बोलणे बिघडले, तर वाट न पाहता महाराष्ट्रात १०८ वर फोन करावा आणि सीटी व न्यूरोलॉजिस्ट असलेल्या रुग्णालयात पोहोचावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तातडीच्या कक्षातील डॉक्टरांना कॅरोटिड दिसली नाही तर ती आताच बंद झाली असे वाटणे साहजिक आहे आणि ते नसलेली धमनी उघडण्यात मोलाचा वेळ घालवू शकतात. म्हणून पाकिटात एक कार्ड ठेवावे आणि मोबाइलमधल्या तातडीच्या माहितीतही तोच मजकूर भरावा: कोणत्या बाजूची अंतर्गत कॅरोटिड जन्मतः नाही, सीटीत नलिका नसल्याचे सिद्ध झाले आहे, रक्त कोणत्या वाटेने येते, फुगा आहे की नाही, शेवटची तपासणी केव्हा झाली.

विम्याचे कागद

आरोग्य विम्यात जन्मजात दोषांचे अंतर्गत आणि बाह्य असे दोन गट केले जातात. शरीराच्या दिसणाऱ्या भागात नसलेला दोष अंतर्गत मानतात, आणि ही धमनी त्याच गटात येते. दोन्ही गटांना कोणत्या अटी लागू आहेत हे आपल्या पॉलिसीच्या शब्दांत वाचून घ्यावे. बाह्य दोषांसाठी असलेली अट अंतर्गत दोषाला लावली गेल्यास लेखी हरकत घ्यावी. निदान झाल्यानंतर नवी पॉलिसी घेताना किंवा कंपनी बदलताना ही माहिती अर्जात लिहावी, कारण लपवलेली गोष्ट नेमकी मोठ्या खर्चाच्या दाव्याच्या वेळी उघड होते. दावा दुसऱ्याच आजारासाठी असेल, उदाहरणार्थ पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी, तर डिस्चार्ज कार्डवर कॅरोटिडची नोंद जुनी आणि या आजाराशी असंबंधित अशा स्पष्ट शब्दांत करून घ्यावी.